खालाचे उंच खिळे

पुंडलिकनगरातल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात माझं काम एकच: लोकांची संकटं भारदस्त भाषेत लिहून त्यांच्यासाठी पैसे मागायचे. पाणी घरात शिरलं की मी 'आपत्ती' लिहिते, छपराला भोक असलं की 'असुरक्षित निवारा'. एकदा खालाला तिच्याच वस्तीचा अर्ज वाचून दाखवला. ती शेवटपर्यंत मन लावून ऐकत राहिली आणि म्हणाली, "बिचारे लोक. कुठं राहतात गं हे?"

खाला, म्हणजे साऱ्या वस्तीची मावशी, बजाजनगरच्या पलीकडं नाल्याकाठी शिलाई करते. उंची जेमतेम साडेचार फूट, आवाज मात्र कंपनीच्या भोंग्याएवढा. नाला फुगला की पाणी घरात येतं, आणि तिचं शिलाई मशीन तोवर दोनदा बुडालं होतं. तिसऱ्यांदा बुडालं तर भंगारातच घाला, असं मिस्त्रीनं सांगून टाकलं होतं. आम्ही मागत होतो ती उंच जोत्यावरची एक खोली. पाणी चढायला लागलं की सगळ्या वस्तीनं आपलं सामान तिथं हलवायचं. ती पावसाळ्याआधी बांधून व्हायला हवी होती.

अर्जात मी मोठ्या झोकात लिहिलं होतं, 'घराघरांच्या भिंतींवर पुराच्या पाण्याची रेघ आजही स्पष्ट दिसते.' ते वाचून पैसे देणाऱ्या संस्थेच्या बाई रेघ बघायला पुण्याहून निघाल्या. मी खालाला फोन केला, "पाहुण्या येतायत, जरा आवरून ठेवा."

बाईंना घेऊन गल्लीत शिरले, तर काय! सगळी घरं चुना लावून पांढरीशुभ्र, वर निळीची झाक. कुणाकुणाच्या दारात रांगोळी, मागून आणलेल्या चार खुर्च्या. रेघ औषधालाही शिल्लक नव्हती.

"खाला, हे काय करून बसलात?" मी कुजबुजले.

"तूच बोलली ना, मेहमान येणार म्हणून? मेहमानाला काय गंदी भिंत दाखवू?"

चूक माझीच होती, त्यामुळं भांडताही येईना. बाई भल्या होत्या, पण त्यांची वही उघडेना. "छान ठेवलीय वस्ती," त्या म्हणाल्या. आमच्या कामात यासारखा वाईट शेरा नाही.

खालाच्या घरी भजी झाली, चहा झाला. बाईंनी हात धुतले आणि टॉवेल शोधू लागल्या. तो पार वर खिळ्याला होता. खालानं पायानं तेलाचा रिकामा डबा ओढला, त्यावर चढली आणि टॉवेल काढून दिला.

"इतक्या उंच खिळा कशाला ठोकलात?" बाईंनी विचारलं.

खाला खाली उतरली आणि खांद्याच्या उंचीवर तिनं भिंतीला तळहात टेकवला. "पानी इथवर येतं, मॅडम. पिशवी खाली लोंबती, म्हणून खिळा आजून वर."

बाईंनी मान वर केली. कपडे, रेशनची पिशवी, कागदपत्रांची थैली, विजेचं बटण, सगळं वर. त्या उठून शेजारच्या घरात गेल्या, मग त्याच्या शेजारी. चुन्यानं रेघ पुसली होती, पण तिच्याखाली साऱ्या गल्लीत एक खिळा नव्हता. बाई उभ्यानंच लिहायला लागल्या.

"आणि मशीन?" परत येऊन त्यांनी विचारलं.

"ती खिळ्याला टांगता आली असती, तर तुम्हाला एवढ्या लांबून कशाला बोलावलं असतं?"

मला लाज वाटली. तीन वर्षं मी त्या घरात जात होते. माझा हात वर सहज पोचतो, म्हणून पिशवी अडकवायची आणि खाली बसून 'असुरक्षित' लिहून घ्यायचं. खिळ्याबद्दल कधी विचारलं नव्हतं.

खोली पावसाच्या तोंडावर उभी राहिली. त्या वर्षी पाणी चढलं ते खोलीच्या तिसऱ्या पायरीवर थांबलं. ओसरल्यावर मी गेले, तर मशीन आत ठणठणीत कोरडं आणि खाला हातोडी घेऊन भिंतीपाशी. पायाखाली डबा नव्हता. तिनं आपल्या नाकासमोर एक खिळा ठोकला आणि त्याला कात्री अडकवली. काढली, पुन्हा अडकवली, पुन्हा काढली. मग शेजारी, तेवढ्याच उंचीवर, माझ्या पिशवीसाठी दुसरा ठोकला.

"खाला, मला वाकावं लागेल की."

"मग वाक ना, बेटा. मी बारा साल चढले."