एक वाक्य काढून बघू

गोमतीवहिनींनी मला तोवर कधीच फोन केला नव्हता. त्यामुळे महिन्यापूर्वी एका सकाळी त्यांचा आवाज कानावर पडला, तेव्हा मी आधी विचारलं, "वहिनी, कुठून बोलताय?" त्यावर त्या म्हणाल्या, "घरूनच बोलते, बाय. तो गेला काल. जेवला, हात धुतले, नि बसल्या जागी गेला." मग, जणू मीच विचारल्यासारखं सांगितलं, "दुखलं नाय त्याला काय."

त्यांचे यजमान जनार्दनभाऊ समुद्राकाठच्या दातिवऱ्याचे. साहित्याच्या जगात त्यांना कोणी ओळखत नाही, कारण त्यांच्या नावावर छापलेली एकही ओळ नाही. पण माझ्या नावावर जे काही थोडंफार आहे, ते कसं लिहायचं हे मला त्यांनी शिकवलं. 'शिकवलं' म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. "आपण दोघं मिळून गोष्टी उचकत होतो, सुट्या करून बघत होतो," असं ते म्हणायचे. आणि त्या उचकण्यात मी एक गोष्ट अशी केली, की ती आजवर कुठेच लिहिली नाही. आज लिहिते आहे.

साठच्या दशकाची मधली वर्षं असतील. मी शिरगावची, आमची नारळ-केळीची वाडी. मॅट्रिक होऊन बोईसरच्या एका शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते. सकाळी एसटीने पालघर, तिथून गाडीने बोईसर. तेव्हा तारापूरला अणुवीज केंद्राचं काम जोरात सुरू होतं. बोईसर स्टेशनवर उतरलं की चारी बाजूंनी हिंदी ऐकू यायचं, आणि माझ्या वर्गातली मुलं घरून 'अरे यार' शिकून यायची. मला लेखिका व्हायचं होतं. वहीच्या वही भरायचे, मासिकांना पाठवायचे, आणि 'साभार परत'चा शिक्का घेऊन सगळं घरी यायचं. काय चुकतं, ते मात्र कोणीच सांगत नव्हतं.

त्या वर्षी शाळेची स्मरणिका निघाली. तिच्यात मी माझी एक कथा घुसवली. छपाई पालघर स्टेशनजवळच्या एका लहानशा छापखान्यात होती, आणि प्रुफं तपासायला मला पाठवलं. खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायला जनार्दनभाऊ होते. तिशीतले, सावळे, हाताची बोटं शाईने कायमची काळी. त्यांनी माझ्यापुढे प्रूफ ठेवलं आणि फार अदबीने म्हणाले, "बाई, एक विचारू? रागवायचं नाय."

"विचारा की."

"तुमच्या गोष्टीत आमचा 'ख'चा खण रिकामा झाला. 'खूप' एवढे लागले. खूप सुंदर, खूप रडली, खूप आठवण आली... शेवटी खिळ्यांच्या दुसऱ्या केसमधून 'ख' आणले. आणि उद्गारचिन्हं तर छापखान्यात होती तेवढी सगळी तुमच्याच गोष्टीत हायत."

मला इतका राग आला की कान तापले. फार तर सातवी शिकलेला माणूस माझी कथा तपासतोय! पण गाडीत बसल्यावर प्रूफ पुन्हा वाचलं आणि एकेका 'खूप'खाली पेन्सिलीने रेघ मारत गेले. एकतीस निघाले. पुढच्या शनिवारी शाळा सकाळची होती. परतताना पालघरला उतरून मी सरळ छापखान्यात गेले आणि विचारलं, "मग चांगली गोष्ट कशी असते?"

"मला काय ठाऊक? मला पण बघायचंच हाय," ते म्हणाले. "छापून आलेली एक चांगली गोष्ट आणा. आपण सोडवून बघू."

मी एका दिवाळी अंकातली कथा नेली. लेखकाचं नाव तेव्हाही ओळखीचं नव्हतं, आणि पुढेही ते कुठे दिसलं नाही. जेमतेम चार पानांची कथा. एक विधवा बाई नवऱ्याचं शिवणयंत्र विकायला काढते. गिऱ्हाईक नवरा-बायको येतात, मशीन नीट चालतं का विचारतात. ती एका चिंधीवर टीप घालून दाखवते. ते मशीन घेऊन जातात. बस्स, एवढंच. पण वाचून झालं की डोळे पुसावे लागायचे. का? रडण्यासारखं तर त्यात एकही वाक्य नव्हतं! जनार्दनभाऊंनी ती दोनदा वाचली आणि बोट ठेवून म्हणाले, "यात 'दुःख' हा शब्दच नाय. मग ते आपल्याकडं आलं कुठून?"

हाच प्रश्न घेऊन आम्ही तो सबंध हिवाळा घालवला. शनिवारी दुपारी छापखान्यात काम कमी असायचं, मालक जेवायला घरी जायचे. गोमतीवहिनी दातिवऱ्याहून सुके बोंबील, सुकट घेऊन पालघरच्या बाजारात यायच्या. टोपली रिकामी झाली की त्या नवऱ्याची वाट बघत कागदाच्या गठ्ठ्यावर बसायच्या. एका तरुण शिक्षिकेने परक्या माणसाशी तासन् तास गप्पा मारणं त्या काळी सोपं नव्हतं. वहिनी होत्या म्हणून ते जमलं. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक गोष्ट मोठ्याने वाचावी लागे.

आधी आम्ही मोजदाद केली. नवरा मेला, हे वाचकाला कितव्या वाक्यात कळतं? अकराव्या. आणि तेही गिऱ्हाईक बाई विचारते म्हणून. मशीन जुनं आहे हे कसं कळतं? पायपट्टीवरचा रंग एकाच जागी उडालाय. माझ्या कथेत मी 'ते मशीन खूप जुने होते' असं लिहिलं असतं... मग एका शनिवारी भाऊंनी नवीच युक्ती काढली. त्यांनी कथेचा मधला परिच्छेद खिळ्यांत जुळवला, प्रूफ काढलं. नंतर एक वाक्य उचलून बाजूला ठेवलं, ओळी जवळ घेतल्या आणि पुन्हा प्रूफ काढलं. "एक वाक्य काढून बघू," ते म्हणाले. "न काढल्यासारखं वाटलं, तर ते नकोच होतं. भोक पडलं, तर ते कामाचं."

किती वाक्यं अशी काढली आणि घातली! मला वाटायचं, सुंदर वाक्यं काढली की कथा पडेल. पण पडायची ती साधी वाक्यं काढल्यावर. त्यातलं एक मला अजून पाठ आहे. टीप घालून झाल्यावर लेखकाने लिहिलं होतं, 'तिने दोऱ्याचं टोक दाताने तोडलं.' मी म्हटलं, हे काढा, याने काही सांगितलंच नाही. भाऊंनी काढलं. मी परिच्छेद वाचून दाखवला. वहिनींना आम्ही काय काढलं ते सांगितलं नव्हतं. त्या गठ्ठ्यावरून म्हणाल्या, "आता ही बाई बदलली."

"बदलली म्हणजे?"

"मागच्या वेळी ती मशीनजवळ वाकली होती. तोंड अगदी जवळ नेलं होतं. आता नाय वाकत. आता लांबूनच विकते."

दाताने दोरा तोडायचा तर माणसाला वाकावंच लागतं. तोंड यंत्राला टेकतं, जवळजवळ मुका घेतल्यासारखं... लेखकाने ते सांगितलं नव्हतं, बाईकडून नुसतं करून घेतलं होतं. भाऊंनी ते वाक्य पुन्हा जागच्या जागी बसवलं, आणि बराच वेळ त्या उलट्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिले.

मग एकदा मी त्यांना विचारलं, "भाऊ, मला लिहायचंय म्हणून मी हे करते. तुम्ही कशासाठी करता?"

ते केसमधले खिळे निवडत होते. मान वर न करता त्यांनी सांगितलं. घरची होडी होती. ते आणि धाकटा भाऊ पांडू पाळीपाळीने मासेमारीला जायचे. एका पहाटे पाळी त्यांची होती, पण दाढ दुखत होती, म्हणून पांडू गेला. होडी परत आली, पांडू आला नाही. त्यानंतर भाऊ होडीवर चढले नाहीत. पालघरला आले आणि छापखान्यात राहिले. "ही एक गोष्ट मला लिहायचीय," ते म्हणाले. "दुसरी कुठली नाय. पण लिहायला बसलो की तुमच्यासारखं होतं. ख संपतो."

इथे मी केलेलं सांगायला हवं. ती गोष्ट मला सोडेना. घरी, गाडीत, वर्गात फळ्यावर लिहिताना डोक्यात तीच. स्वतःशी म्हटलं, नुसता सराव म्हणून लिहून बघू. गावाचं नाव गाळलं, पांडूचं नाव बदललं, दाढेच्या जागी ताप घातला. विशेषणं गाळली, 'दुःख' लिहिलं नाही. कथा छान उतरली. इतकी छान, की मी ती एका मासिकाला पाठवली आणि पहिल्यांदाच 'साभार परत' आलं नाही. अंक हातात पडला त्या दिवशी आनंदाने नाचावं की तोंड लपवावं, हे मला कळेना. मी तोंड लपवलं. तीन शनिवार मी पालघरला उतरलेच नाही.

चौथ्या शनिवारी शाळा सुटली तेव्हा भाऊ बोईसरला फाटकापाशी उभे होते. हातात तोच अंक. छापखान्याचे मालक वर्गणीदार होते, हे मी विसरले होते. मला वाटलं, आता सगळ्या मुलांदेखत माझी शोभा होणार. त्यांनी अंक उघडला. समासात लाल शाईने खुणा केलेल्या होत्या, प्रूफ तपासावं तशा.

"चांगली जमलीय," ते म्हणाले. "पण चुका हायत. ही सगळ्यात मोठी. दाढ होती ती. ताप का केला?"

"ताप... जास्त बरा वाटला. दाढ म्हणजे फारच किरकोळ कारण झालं."

"तेच तर!" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "ताप आला तर माणूस सुटतो, बाई. तापाला कोण काय बोलणार? दाढेनं सुटत नाय. दुसऱ्या दिवशी माझी दाढ थांबली होती."

मी रडायला लागले. माफ करा म्हणाले, तुम्ही तुमची लिहा म्हणाले. त्यांनी अंक मिटून माझ्या हातात दिला. "आता कशी लिहू? लोक म्हणतील, बाईंची चोरली." आणि ते स्टेशनाकडे चालू लागले. त्या वाक्यातून काहीही काढता येत नाही. मी पुष्कळदा प्रयत्न केला आहे.

नंतर चार-पाच महिने मी छापखान्याची वाट टाळली. मग एकदा बाजारात वहिनींनीच मला हाक मारली. "येत नायस आता? त्यानं तुझ्यासाठी ठेवलंय काय ते." मी घाबरतच गेले. भाऊंनी खणातून एक कागद काढला. तारापूरच्या बांधकामासाठी छापलेल्या, वाया गेलेल्या एका फॉर्मच्या पाठीवर काढलेलं प्रूफ होतं ते. दोन स्तंभ, बारीक टाइप. त्यांची गोष्ट. मी तिथेच उभ्याने वाचली. तिच्यात दाढ होती. समुद्राविषयी एकच ओळ होती. मी आजवर पुष्कळ वाचलंय, पण इतकं उघडं काही वाचलेलं नाही.

"हस्तलिखित कुठाय?" मी विचारलं.

"नाय. कागदावर लिहायला गेलो तर होत नव्हतं. एकेक अक्षर उचलावं लागलं की माणूस खोटं फार वेळ बोलू शकत नाय. सरळ खिळ्यांत जुळवली."

"मग खिळे तरी ठेवा. मी मासिकाला..."

"खिळे सोडवून परत खणांत टाकले त्याच दिवशी. फॉर्म छापायचे होते." मग हसले. "पांडूच्या बायकोला वाचून दाखवली. तिनं ऐकली. आणखी कोणाला दाखवायची?"

माझ्यावरचा राग गेला का, हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पुढच्या शनिवारी मी गेले तेव्हा त्यांनी एक नवा दिवाळी अंक पुढे सरकवला, "ही उचकू" म्हणाले, इतकंच. पुढे माझी तीन पुस्तकं आली. ती पहिली छापून आलेली कथा मी त्यांतल्या एकाही संग्रहात घेतली नाही. छापखाना बंद झाला, भाऊ दातिवऱ्याला परतले, आमच्या भेटी वर्षा-दोन वर्षांवर गेल्या. नव्या कथेचं हस्तलिखित मात्र मी शेवटपर्यंत त्यांना पाठवत राहिले. ते लाल खुणा करून परत यायचं.

मागच्या आठवड्यात दातिवऱ्याला जाऊन आले. वहिनी ओटीवर बसल्या होत्या. आता नीट दिसत नाही त्यांना. आवाजावरून ओळखलं, आत गेल्या आणि तो कागद घेऊन आल्या. घड्यांवर फाटलेला, मागून चिकटपट्ट्या लावलेला. "दर वर्षी वाचायचा," त्या म्हणाल्या, "पांडूच्या दिवशी. आता कोण वाचणार? तू वाच."

मी चष्मा लावला आणि वाचायला लागले. पहाट, होडी, गालाला धरलेला हात... 'पांडू म्हणाला, तू नीज, मी जातो.' मी पुढच्या ओळीवर जाणार, तेवढ्यात वहिनींनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"इथं तो थांबायचा."

"किती वेळ?"

"मी सांगते."

मी थांबले. त्यांचा हात मनगटावर तसाच होता. अंगणात कोणीतरी जाळं झटकत होतं, ते झटकून झालं. बऱ्याच वेळाने वहिनींनी हात काढून घेतला.

"हां," त्या म्हणाल्या. "आता वाच."