काजळी सुरयाची शेपटी

आमच्या पक्षीनिरीक्षक मंडळाच्या यादीत नगरकडच्या काजळी सुरय पक्ष्याची नोंद माझ्या एकट्याच्या नावावर आहे. ती चुकीची आहे. तो पक्षी माझ्या बायकोने ओळखला.

वादळानंतरच्या सकाळी नगरजवळच्या गावातून तिच्या थोरल्या भावाने फोनवर फोटो पाठवले. विहिरीच्या कठड्यावर दमून बसलेला काळपट पक्षी. समुद्र तिथून कितीतरी लांब. मी प्रभादेवीच्या आमच्या घरात चहा घेत होतो, तो तसाच निवला. "नॉडी!" मी ओरडलो. खोल समुद्रावरचा पक्षी, किनाऱ्यावरही सहसा दिसत नाही. लगेच मंडळाच्या ग्रुपवर कळवायला लागलो.

"थांबा जरा," ती म्हणाली. "सगळे फोटो तोंडाचे आहेत."

"अगं, तोंडावरूनच ओळखतात."

"हिंदमात्याला साडी घेताना मी आधी काय उघडून बघते? पदर. नुसती काळी तर कुठलीही असते."

तिने भावाला फोन लावला. "दादा, मागून काढ. शेपटी दिसली पाहिजे. हात नको लावूस हं, घाबरेल."

नवे फोटो आले. पाठभर पांढरे ठिपके, रांगोळीचा हात झटकल्यासारखे. शेपटी दुभंगलेली. नॉडीची अशी नसते. तिने पुस्तक उघडून माझ्यापुढे धरलं: काजळी सुरय, हाही खोल समुद्रावरचाच; त्याच वर्षी जन्मलेला, म्हणून खालूनही काळपट. मोठेपणी पोट पांढरं होतं. आम्ही दोघं जन्मभर दुर्बिणी घेऊन हिंडलो. मी पटापट नावं सांगायचो, ती बघत राहायची.

ग्रुपवर मी नाव टाकलं. "काका, काय नजर आहे!" सगळे म्हणाले. पुढे दादरच्या संमेलनात मला शाल मिळाली. ती समोर बसून टाळ्या वाजवत होती. माईक माझ्या हातात होता. एक वाक्य पुरलं असतं.

"शाल उबदार आहे," घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, आणि तीच पांघरू लागली.

काल दुरुस्ती लिहून तिला वाचून दाखवली. ओळख तिची, चूक माझी.

"यात दादा कुठाय?" तिने विचारलं. "पक्षी सापडला कोणाला? तो संध्याकाळी उडेपर्यंत कुत्री हाकलत उन्हात कोण बसलं होतं? आपण तर फोनवर बघितला."

हे मला आजवर सुचलंही नव्हतं. आता पहिल्या ओळीत दादा, दुसऱ्या ओळीत ती.

"मग माझं काय लिहू?"

"लिहा की, चहा तुमचा निवला."