दम धरा

देवराव तायडे गेल्याची तार माझ्याच हातून उतरली. मूर्तिजापूरच्या तारघरात मी अमरावतीहून येणारा संदेश लिहून घेत होतो. पत्ता त्यांच्या जावयाचा होता, आणि पुढे त्यांचं नाव आलं... पेन्सिल थांबली नाही. सवयीनं सगळं उतरवून घेतलं आणि मग वाचलं. त्याला आता पाच आठवडे झाले. तारबाबूची ही नोकरी मला या माणसामुळे मिळाली, म्हणून लिहायला बसलो आहे.

देवराव अमरावतीच्या एका डॉक्टरांकडे एक्स-रे काढत. फिल्म धुवायची, वाळवायची आणि हृदयाची रुंदी छातीच्या रुंदीशी पट्टीनं ताडून लिहायची, हे त्यांचं काम. प्रत्येक फोटो ते दोनदा मोजत. सकाळचा आकडा झाकून ठेवत आणि दुपारी तो न बघता पुन्हा मोजत. दोन्ही जुळले तरच कागद डॉक्टरांच्या टेबलावर जाई. भलताच हट्टी माणूस! घरून जेवायचं बोलावणं आलं तरी "आकडा जुळू दे पह्यले" म्हणून ताट निववायचा.

मी त्यांना पहिल्यांदा नीट भेटलो तो भांडायलाच. तारखात्यात माझी निवड झाली होती, आमच्या घरातली पहिली सरकारी नोकरी. प्रकृतीच्या तपासणीत देवरावांच्या फोटोवरून निकाल आला की हृदय वाढलेलं आहे. नोकरी गेल्यात जमा होती. आईनं अन्न सोडलं. मामानं मला अकोल्याला नेऊन दुसरा फोटो काढवला, तर त्यात हृदय अगदी बेताचं! आठ दिवसांत काळीज आटतं की काय? दोन्ही फोटो घेऊन मी देवरावांच्या खोलीत शिरलो आणि तोंडाला येईल ते बोललो.

त्यांनी ऐकून घेतलं. दोन्ही फोटो मोजले आणि पट्टी माझ्या हातात दिली. "तुमीच मोजा, भाऊ." माझे आकडे त्यांच्या आकड्यांशी जुळले. म्हणजे मोजण्यात खोट नव्हती, फोटोच वेगळे होते. दोन्ही फिल्म त्यांनी उजेडापुढे धरल्या.

"अकोल्याले त्यानं तुमाले काय म्हटलं, फोटो काढतानी?"

"छाती भरून श्वास घे म्हणाला, सोडू नको."

"अन् मी?"

"तुम्ही म्हणाले, दम धरा."

"मंग तुमी काय केलं?"

"काय करणार? दम धरला. गडबड न करता उभा राहिलो."

देवरावांनी दोन्ही फिल्म टेबलावर ठेवल्या. 'दम धर' म्हटलं की आमच्याकडे माणूस घाई सोडतो, श्वास रोखायचं कुणाच्या मनातही येत नाही. आणि श्वास सोडलेल्या छातीत हृदय आडवं पसरून मोठं दिसतं, हे त्यांनीच मला तेव्हा समजावलं. "दोन दोन डाव आकडे जुळवून राहिलो मी," ते म्हणाले, "पन फोटोच चुकीचा!"

लगेच त्यांनी माझा नवा फोटो काढला, छाती भरायला लावून. तो अकोल्याच्या फोटोशी जुळला. तो घेऊन ते डॉक्टरांपुढे उभे राहिले आणि 'चूक माझी आहे' म्हणून सांगितलं. हृदय मोठं ठरलेल्या सगळ्यांना परत बोलवायचं, हेही सांगितलं. डॉक्टर भले गृहस्थ, पण घाबरले. दवाखान्याचं नाव जाईल म्हणाले.

"नाव जाईन तं जाऊ द्या, सायेब. तिकडं लोकं घरी बसून मरनाची वाट पाहून राहिले न!"

मला नोकरी मिळाली. देवरावांनी पातूर-अचलपूरपर्यंत पत्रं टाकली. आलेली बरीच माणसं हसत घरी गेली. पातूरच्या एका बाईंचं हृदय मात्र पुन्हा तेवढंच भरलं. देवराव गेल्यावर त्या त्यांच्या घरी भेटायला आल्या, तेव्हा मीही तिथं होतो. म्हणाल्या, "दोन्ही डाव सारखंच आलं, तवा मले खरं वाटलं. मंग म्या दवा घेतली."

गेल्या आठवड्यात खोकला हटेना म्हणून मी त्याच खोलीत फोटो काढायला गेलो. देवरावांनी तयार केलेला सुधाकर आता तिथं काम करतो. तो समोर आला, "माह्याकडं पाहा" एवढंच म्हणाला, आणि त्यानं स्वतः छाती भरली, ओठ मिटले. तसाच, श्वास कोंडून, गाल फुगवून तो बटणाकडे गेला. ही देवरावांची रीत. त्या दिवसानंतर या कामात त्यांनी शब्दावर कधी भरवसा ठेवला नाही.

सुधाकरकडे पाहून मी छाती भरली. डोळेही भरून आले. श्वास मात्र सोडला नाही.