वशिंड, टोफू आणि आमचे बुचो

स्पोर्ट्स कारचं डिझाइन म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं ते मला माहितीये. काळा टी-शर्ट घातलेला एक गूढ माणूस, हातात पेन्सिल, सर्रकन एक रेघ, की झाली गाडी तयार! मग घाटातला वळणावळणांचा रस्ता आणि इंजिनाची डरकाळी. तसलं काही वाचायला बसला असाल तर आधीच सांगतो, इथे गाडी एकदाही सुरू होत नाही. निम्मा वेळ ती मातीची आहे आणि उरलेला निम्मा वेळ मीटिंगमध्ये आहे.

रेघ मात्र खरंच होती. आणि ती माझी होती.

मी बार्शीच्या शाळेतनं निघून, कसा कोण जाणे, टोकियोबाहेरच्या एका डिझाइन स्टुडिओत लागलो. सगळ्यात धाकटा. नव्या दोन सीटच्या गाडीसाठी सगळ्यांनी भिंतीवर स्केचेस लावली, त्यातलं माझं निवडलं गेलं ते मागच्या चाकावरच्या खांद्यामुळे. दार संपलं रे संपलं की रेघ एकदम उठायची, चाकावर उंच चढायची आणि शेपटाकडे उतरायची. खिलार बैलाचं वशिंड असतं ना, डिट्टो तसं.

आमचे बुचो, म्हणजे विभागाचे मोठे साहेब, म्हणाले, "हे कुठून आलं?"

मी मान खाली घातली, खांदे वर काढले आणि बैल होऊन दाखवला. हंबरलोसुद्धा. साहेबांनी डोळे मिटले. पण स्केच भिंतीवरच राहिलं. मला वाटलं, झालं आपलं काम.

कसलं झालं! स्केचची गाडी व्हायला आधी भिंतीवर खऱ्या मापात काळ्या चिकटपट्टीनं तिची बाजू काढायची. मग एक छोटं मॉडेल. मग भट्टीत गरम केलेली तपकिरी क्ले थापून खऱ्या आकाराची गाडी. पोलादी पात्यांनी ती तासायची, लांब जाऊन बघायची, डोळे बारीक करायचे, परत तासायची. इथपर्यंत मजा आहे. माझं वशिंड मातीत उभं राहिलं तेव्हा मी कुणी बघत नाहीसं बघून त्यावरनं हात फिरवला होता.

पण मातीची गाडी उभी राहिली की लग्नघरात पाहुणे यावेत तशी माणसं यायला लागतात, आणि प्रत्येकाला काहीतरी नको असतं. सेफ्टीवाले आले. चालत्या माणसाला धक्का लागला तर त्याचं डोकं बॉनेटवर आपटेल, म्हणून बॉनेट वर उचला. पुढचं वर गेल्यावर मागचं वशिंड कसं दिसणार? पाठीवर आवाळू आल्यासारखं! मग डिकीवाले आले. त्यांना गोल्फची बॅग बसवायची होती. अहो, दोन सीटची गाडी, त्यात एक सीट बायकोची, आणि भांडण कशावरून तर गोल्फच्या बॅगेवरून. प्रत्येक जण यायचा, वाकून नमस्कार करायचा, आणि जाताना माझ्या बैलाचा एक तुकडा घेऊन जायचा.

सगळ्यात भारी कूलिंगवाले साहेब. इंजिन मागे, म्हणून त्याला लागणारी हवा नेमकी माझ्या वशिंडाच्या पोटातनं जाणार होती, म्हणजे वशिंड छाटणं आलं. मी म्हणायचो, हवेचा मार्ग जरा खालून न्या ना. त्यावर ते मान वाकडी करायचे, दातांच्या फटीतनं हवा आत ओढायचे, "स्स्स्स्स..." आणि म्हणायचे, "थोडं कठीण आहे." इकडे थोडं कठीण म्हणजे अजिबात नाही. हे कळायलाच मला पहिलं वर्ष गेलं होतं.

निशी-कसाईत, म्हणजे टोकियोतल्या आपल्या लोकांच्या वस्तीत, माझ्या शेजारी पुण्याच्या एक वहिनी राहायच्या. रविवारी जेवायला बोलवायच्या आणि वाढता वाढता विचारायच्या, "झाली का रे तुझी गाडी?"

"नाही हो वहिनी, अजून मातीचीच आहे."

"अरे, तू आलास तेव्हा आमची पिंकी रांगत होती. आता ती मला जपानीत उलट बोलते. आणि तुझी गाडी अजून मातीतच?"

मी आमटी भुरकली.

मग एका मोठ्या रिव्ह्यूनंतर सगळ्यांची पार्टी झाली. बुचोंनी ग्लास उचलला आणि जाहीर केलं, "आज बुरेइको." म्हणजे आज कुणी साहेब नाही, कुणी ज्युनियर नाही, मोकळं बोला. मला काय, हे आपल्या गॅदरिंगसारखंच वाटलं. आमच्या शाळेत गॅदरिंगला फिशपाँड पडायचे तेव्हा सगळ्यात मोठा हेडसरांवर पडायचा. मी तर स्टेजवर हेडसरांची चाल चालून दाखवायचो आणि पहिल्या रांगेत बसून हेडसरच पोट धरून हसायचे.

मी टेबलावरचा टोफू पुढे ओढला. "ही आपली क्ले," म्हटलं, आणि चॉपस्टिक घेतल्या. सेफ्टीवाले झालो, वाकलो, एक तुकडा उडवला. डिकीवाले झालो, हवेत गोल्फचा एक फटका मारला, दुसरा तुकडा उडवला. माणसं टेबल बडवायला लागली. मग मान वाकडी केली आणि दातांतनं हवा ओढली. "स्स्स्स्स..." अजून काही बोललोही नव्हतो, तर अख्खी खोली हशानं फुटली! मी वशिंड साफ कापलं, तोंडात टाकलं आणि म्हणालो, "थोडं कठीण आहे."

कूलिंगवाले साहेब सगळ्यांपेक्षा जोरात हसले. टाळ्या वाजवल्या. बुचो गुपचूप सगळ्यांचे ग्लास भरत होते.

पुढच्या मीटिंगमध्ये मी परत हवेच्या मार्गाचं काढलं. कूलिंगवाल्या साहेबांनी या वेळी हवासुद्धा ओढली नाही. "आहे तसंच," म्हणाले आणि पान उलटलं.

पहिला प्रोटोटाइप आला तेव्हा बुचो मला टेस्ट ट्रॅकच्या शेडमध्ये घेऊन गेले. कुणी बाहेरून फोटो काढू नये म्हणून गाडीवर काळ्यापांढऱ्या नक्षीचे स्टिकर चिकटवलेले होते. डोळ्यांना आकार कळेना, म्हणून मी हात फिरवला. दार संपलं, चाक आलं, चाक गेलं. सपाट. इस्त्री केल्यासारखं सपाट.

मी म्हणालो, "सर, या कूलिंगवाल्यांनी शेवटी बैलाची म्हैस केली."

बुचो एरवी माझ्याशी घरच्यासारखं बोलतात. चिडले की आदर वाढतो.

"तुम्ही," ते म्हणाले, आणि मी सरळ उभा राहिलो. "तुमच्या त्या टोफूच्या आदल्या दिवशी ते मार्ग खालून न्यायला तयार झाले होते. पुढच्या मीटिंगमध्ये स्वतःहून सुचवणार होते, स्वतःची कल्पना म्हणून. त्यासाठी मी रोज त्यांना सिगारेटच्या खोलीत जाऊन गाठत होतो. मी सिगारेट ओढत नाही."

"पण सर, ते तर हसत होते!"

"हसणारच. तिथे हसायचंच असतं. सगळ्यांसमोर तुम्ही त्यांना वशिंड कापणारा करून ठेवलंत. त्यानंतर त्यांनी ते परत दिलं असतं तर काय दिसलं असतं? एका पोरानं नक्कल केली म्हणून दिलं!"

"मग मला आधी कुणी सांगितलं का नाही? मी काय मनकवडा आहे? तुम्हीच म्हणालात मोकळं बोला!"

"मोकळं बोला म्हणजे पगार कमी आहे म्हणा, बिअर गरम आहे म्हणा. आणि तुम्हाला सांगितलं असतं तर काय झालं असतं? दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तुम्ही सगळ्यांना माझी सिगारेट ओढतानाची नक्कल करून दाखवली असती."

हे मात्र खरं होतं. खोकल्यासकट करून दाखवली असती.

"बघा, आत्तासुद्धा तुमच्या मनात तेच चाललंय. चेहरा सरळ करा. सोमवारी पुढच्या गाडीचं स्केच घेऊन माझ्याकडे या. आधी फक्त माझ्याकडे. कागद आणा, पेन्सिल आणा. बैल आणू नका."