सुनिताने स्वतःचा भरलेला फॉर्म

मोखाड्याच्या डोंगरात कुठली पाहणी निघाली की पोशेऱ्याच्या सुनिताला फोन यायचाच. बाहेरच्या माणसाला पाड्यावर लोक दारातूनच "बरा चाललाय" म्हणून वाटेला लावत. सुनिताला मात्र ओट्यावर बसवून पेज देत. बारावी झालेली, अक्षर सुरेख, आणि एक खोड अशी की समोरचा बोलेल तेच लिहायचं, पदरचा शब्द घालायचा नाही. या खोडीचा तिला भारी अभिमान.

त्याच अभिमानाने तिने पाड्यावरच्या बायकांचा अभ्यास करणाऱ्या पुण्याच्या जयश्री मॅडमचे चाळीस फॉर्म भरले, त्यात एक स्वतःचाही. शेजारच्या काळीला विचारलं, "लगीन झाला काय तुझा?" कडेवरचं तिसरं पोर सावरत काळी म्हणाली, "नाय झाला अजून." सुनिताने 'अविवाहित'वर खूण केली. खोटं काय होतं त्यात? इथे मुलगी नांदायला येते, संसार थाटते, पोरं होतात. लग्नाचा मांडव पडतो तो गावजेवणाची ऐपत आली की. पाड्यावरच्या बुध्याने तर गेल्या वर्षी स्वतःचं आणि मुलाचं लग्न एकाच मांडवात उरकलं. सगळा पाडा दोन्ही नवरदेवांपुढे सारखाच नाचला.

महिन्याभराने मॅडमनी तिला जव्हारला बोलावून अहवालाचा मसुदा वाचून दाखवला. चाळीसांत तेरा अविवाहित माता, प्रमाण चिंताजनक, या निराधार स्त्रियांसाठी जागृती हवी. जिची पेज सुनिता प्यायली ती काळी कागदावर कुणीतरी फसवून सोडलेली बाई झाली होती. उद्या हे छापून आलं तर कुठल्या तोंडाने त्या ओट्यावर बसायचं?

"मॅडम, हे काढा. त्या सगळ्या नांदत्या बाया आहेत."

"पण त्यांनीच तसं सांगितलं, आणि लिहिलंस तू," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "लोकांचं म्हणणं आपण आपल्या मताने बदलायला लागलो तर अभ्यास कसला राहिला? आणि तूसुद्धा त्याच पाड्यावरची. तुझ्या फॉर्मवर तर 'विवाहित' आहे."

पांड्याच्या घरात नांदायला येऊन सुनिताला अकरा वर्षं झाली होती, दोन मुली होत्या, आणि मांडव अजून पडायचा होता. स्वतःचा फॉर्म भरताना मात्र, मॅडम काय समजतील या विचाराने, तिचा हात आपसूक पलीकडच्या चौकटीत गेला होता. आता तिला शरम वाटली. खोटं लिहिल्याची नव्हे. स्वतःला झाकून काळीला उघडं टाकल्याची.

"मॅडम, लग्न माझंही झालेलं नाही."

मॅडमनी चष्मा काढला. "म्हणजे तुझा फॉर्म चुकीचा भरलास?"

"नाही. चुकले ते तेरा. माझा तेवढा बरोबर आहे."

मॅडमनी पेन उघडलं आणि ते अख्खं पान खोडलं.

"काळीच्या घरी मला नेशील?" त्यांनी विचारलं. "या वेळी प्रश्न तूच ठरव."