करवंदीची आडवी फांदी

दर रविवारी पायथ्याच्या वाडीपाशी ती मला भेटते. ती माथेरानच्या हॉटेलात कामाला निघालेली असते आणि मी नुसतीच डोंगर चढायला. माझे बूट नवेकोरे. तिच्या चपला मात्र चढ लागला की हातात. नाव मी कधी विचारलं नाही. मी मावशी म्हणते, ती बाय म्हणते. बोलते तीही चढावरच, सपाटीला गप्प.

एकदा डोंगराखालच्या धरणाचं पाणी दिसणार म्हणून मी पुढे पळाले. मागून हाक आली, "थांब गं बाय! तिकडं वाट नाय, कडा हाय!" दोन पावलांपुढे खरंच काही नव्हतं. ती रागावली नाही. माझ्या बुटांकडे बघून पोटभर हसली.

परवा मला उशीर झाला. ती केव्हाच वर गेलेली, आणि एकटीनं फाटे ओळखायची मला खात्री नव्हती. परतावं का, असं म्हणत पहिल्या फाट्याशी आले, तर चुकीच्या वाटेवर करवंदीची फांदी आडवी टाकलेली. पानं अजून सुकलीही नव्हती. पुढच्या फाट्यावरही तसंच! मग मी थांबतेय कसली? धावतच वर पोचले. खाली अख्खं धरण चमकत होतं. ती हॉटेलात भांडी घासत असणार, तिला काय ऐकू जाणार, तरी मी जीव खाऊन ओरडले, "मावशी, आले गं!"