मुक्कामाला आलेलं पातेलं

आमच्या वहिनींचे मामा जेवढी काळजी करतात, तेवढी उरलेल्या सगळ्या धुळ्यानं मिळूनही कधी केली नसेल. मामा लग्नाची भांडी भाड्यानं देतात. नेणारा भांडी नेऊन मोकळा होतो, मामांचा घोर तिथून सुरू होतो. एकदा मोठं पातेलं जामनेरला गेलं, तर मामा मागोमाग एसटीनं पोचले आणि आचाऱ्याच्या पाठीशी उभे राहून भाजी खाली लागते का ते पाहत राहिले. नवरदेवाकडच्यांना वाटलं मुलीकडचे, मुलीकडच्यांना वाटलं नवरदेवाकडचे, त्यामुळे दोन्हीकडून आग्रह झाला. मामा जेवले मात्र नाहीत.

या माणसाला जगात एकाच गोष्टीचा भरवसा होता, तो म्हणजे त्यांचा कॉम्प्युटर. फार वर्षांपूर्वी इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थ्यानं त्यांना सॉफ्टवेअर बनवून दिलं होतं. एकाला दिलेलं भांडं चुकून त्याच दिवशी दुसऱ्याला द्यायला गेलं की पडदा लालभडक व्हायचा. मग कुणीतरी हळदीचे फोटो पेनड्राइव्हमधून आणले, त्यासोबत व्हायरस आला, आणि दुरुस्तीवाल्यानं जुनी सिस्टीम पुसून लिनक्स टाकली. यात व्हायरसची भीती नाही, असं तो म्हणाला. मामांचं सॉफ्टवेअरही त्यात चालणार नाही, हे तो सांगायला विसरला.

"भाऊ, मना कम्प्युटरना जीव गया!" सकाळी सकाळी मामांचा फोन. मी बँकेत नोकरीला, म्हणजे मला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, अशी त्यांची पक्की समजूत. लग्नसराई तोंडावर आलेली. लिनक्सवर चालेल असं काहीतरी शोधायला आम्ही बसलो. दवाखान्याचं एक सॉफ्टवेअर मिळालं, ते कढईचं वय आणि रक्तगट विचारू लागलं. वाचनालयाचं मिळालं, ते प्रत्येक झाऱ्याचा लेखक मागत होतं. शेवटी लॉजचं एक चाललं. प्रत्येक भांडं म्हणजे एक खोली, वधूपिता म्हणजे गिऱ्हाईक. न घासलेल्या भांड्यापुढे 'सफाई बाकी' असं यायचं, तेव्हा मामा जरा हसले. "येस, ऱ्हास, जास. आपलं काम बी तेच शे," म्हणाले, म्हणजे येतं, राहतं, जातं. तरी रात्रंदिवस त्यांच्या जिवाला घोर होताच. हे लाल होत नाही, हे त्यांचं पालुपद.

आणि घात झाला तो दाट तिथीलाच, जेव्हा गावोगावी लग्नं असतात. रविवारी नरडाण्याला लग्न, सोमवारी धुळ्यात. मामांनी नेहमीसारखी लग्नाची तारीख भरली. आपल्याकडे आदल्या संध्याकाळी हळदीचं जेवण असतं, त्यामुळे भांडी एक दिवस आधी जातात. जुनं सॉफ्टवेअर तो दिवस आपोआप धरायचं. लॉजवाल्याला हळद काय ठाऊक? रविवारी दुपारी धुळ्यातल्या वधूपित्याचा फोन आला, "मामा, पातेलं कव्हा येस?" पातेलं नरडाण्यात होतं. दुसरं तेवढं मोठं कुणाकडेच मोकळं नव्हतं.

मामांचा चेहरा पाहून मी टेम्पोत त्यांच्याशेजारी चढलो. नरडाण्यात पंगती उठत होत्या. पातेल्यात घोटलेली वांग्याची भाजी निम्मी उरली होती आणि अजून वाफाळत होती. मामा आधी भाजी खाली लागली का ते पाहायला धावले, म्हणून मीच नवरीच्या आईला सारं सांगितलं. तिनं पदर खोचला. "रिकामं कसाले करतस? भाजीसंगे लई जा. तठेबी पोरनंच लगीन शे ना!" आम्ही पातेलं भाजीसकट टेम्पोत चढवलं.

परतताना मामा मागे पातेल्याला दोन्ही हातांनी कवटाळून बसले होते, मी झाकण दाबून धरलं होतं. भाजी पुरणार होती, हे उघड दिसत होतं. मी म्हणालो, "मामा, निभावलं. आता तरी सोडा काळजी."

मामांनी पातेल्यावरचे हात काढले नाहीत. मग म्हणाले, "मनी बहीनना लगीनमा भाजी सरी गयी व्हती, भाऊ. वऱ्हाड उपाशी उठनं. ती मनाकडे देखत व्हती, आन मना हातमा रिकामं पातेलं."

बहीण म्हणजे वहिनींची आई; त्या लग्नाला चाळीसेक वर्षं तरी झाली असतील. रस्त्यात खड्डा आला, तसं मी झाकण आणखी घट्ट धरलं.